जावक क्रमांक नसलेला संदर्भ

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय विश्वनाथराव, प्रमुख पाहुण्या हेमलताताई, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आपल्या सुनीतीबाई, आणि नोएडाच्या नव्या सेक्टरांतून, छावणीतून, दोन-दोन बसा बदलून दिल्लीत कोपर्निकस मार्गावर पोचलेल्या बंधु-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. खिशात लिहिलेलं भाषण आहे, पण ते काढावंसं वाटत नाही. पाण्याचा हा दुसरा ग्लास. मघापासून मी पंख्याला दोष देतोय, पंखा बिल्कुल ठीक आहे.

बाईंनी बावीस वर्षं आपल्या मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग चालवला. आपली मुलं घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. एकदा वर्गातल्या उदयसिंहनं विचारलं, "बाई, हे तत्रैवजी कोण? हर पानाखाली यांचंच नाव! किती पुस्तकं लिहिलीत यार!" हसा, हसा, तोही हसतोय. बाई मात्र हसल्या नव्हत्या. म्हणाल्या, "अरे, तत्रैव म्हणजे तिथेच. आधी सांगितलेलंच पुस्तक. पण ज्याच्याकडून घेतलं, त्याचं नाव एकदा तरी घ्यायचं. मग तो कोणी का असेना."

आणि मी कोण? निबंध स्पर्धेचा कार्यवाह. मंत्रालयात एकोणतीस वर्षं फायली चाळलेला माणूस. डावीकडे दीड इंच समास, तळटीप बारीक अक्षरात, लेखक, ग्रंथ, वर्ष, पान. ते नियमपत्रक माझं. त्याचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, अजून आहे.

मागच्या वर्षी विषय होता 'पानिपत'. साठ मुलांनी सतराशे एकसष्टची लढाई लढली. नववीतल्या भक्तीनं एकटीनं घोंगड्यांवर लिहिलं. तिचे वडील, हवालदार मल्हारी शितोळे, पलटणीच्या ब्लँकेटांसाठी ट्रक घेऊन पानिपतला जात. विणकरांच्या ओट्यावर चहा घेत, बोलत बसत. त्यातला एक म्हणाला होता, "साहब, बाज़ार खुल गया, हमारी खड्डी बंद हो गई." खड्डी म्हणजे हातमाग. त्याचा मुलगा आता नोएडात कुणाच्या तरी फाटकावर चौकीदारी करतो. हे सगळं त्या निबंधात होतं. आणि खाली तळटीप होती: 'वडिलांनी सांगितले. हवालदार मल्हारी शितोळे. रविवारी, जेवताना.'

मी त्या तळटिपेवर लाल रेघ मारली.

बाई म्हणाल्या, "शशिकांतराव, राहू द्या. पोरीनं नाव घेतलंय." मी म्हणालो, "बाई, जेवणाला जावक क्रमांक असतो का?" कार्यालयात सगळे हसले. माझा विनोद चालला म्हणून मीही खूश झालो. तळटीप गाळून निबंधाची स्वच्छ प्रत परीक्षकांकडे गेली.

परीक्षकांनी विचारलं, नववीच्या मुलीला हे कळलं कुठून? संदर्भ तर कुठेच नाही. शेरा आला, 'मजकूर उचललेला आहे.' निबंध बाद. तसं पत्र मी शितोळ्यांच्या घरी पाठवलं. त्या पत्रावर जावक क्रमांक होता.

विश्वनाथराव, घंटी नका वाजवू. आज थांबलो तर पुन्हा माझी हिंमत होणार नाही.

मंडळाच्या सभेत विचारणा झाली, टिपा कोणी तपासल्या? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी इतिवृत्तात डोकं घातलं. मग त्याच म्हणाल्या, "माझा वर्ग, माझी जबाबदारी." महिन्याभरात त्यांचा राजीनामा आला, प्रकृतीचं कारण देऊन. बाईंची प्रकृती तेव्हाही ठणठणीत होती आणि आजही आहे. हा निरोप माझ्यामुळे आहे, मंडळी.

मल्हारीराव एकदा माझ्या दारात आले होते. आत या म्हटलं तरी आले नाहीत. "साहेब, पोरीनं चोरी नाही केली. मी सांगितलं हुतं तिला. माझं बोलणं चालत नसंल तर तसं लिवा. चोरी नका लिवू." मी "बघतो" म्हणालो. त्याला दहा महिने झाले. भक्ती त्यानंतर वर्गात आली नाही.

आज बाईंच्या आग्रहाखातर ती दोघं आली आहेत, मागच्या रांगेत बसली आहेत. मूळ पान मी बरोबर आणलंय, लाल रेघेसकट. अध्यक्ष महाराज, हे पान इतिवृत्ताला जोडावं आणि माझं ते पत्र रद्द करावं. नवं पत्र उद्या मी स्वतः छावणीत नेऊन देईन. कार्यवाहपदाचा राजीनामा या पानामागेच लावला आहे.

हेमलताताईंचे आभार, अध्यक्षांचे आभार, एवढा वेळ माझी चुळबुळ सहन करणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणतात. माझं जे झालं ते ओघात झालेलं नाही. लाल पेन हातात घेऊन, चष्मा लावून केलेलं आहे. बाई, तुमची क्षमा मागतो. मल्हारीराव, तुमचीही.

आणि भक्ती, बाळ, जरा उभी राहा. सगळ्यांना दिसू दे. हिनं चोरी केलेली नाही.