टाचेवरचा डाग

नाही नाही मॅडम, अक्षरं छान बसलीत, त्याचं नाही — मी बोर्डाची ही खालची ओळ विचारतोय. 'तीळ, चामखीळ, काळे डाग — दहा मिनिटांत लेझरने गायब.' ही पण कापायची? नक्की? ऐरोलीत उघडताय ना दुकान — बरं, क्लिनिक म्हणा. डॉक्टर असतात आत? आठवड्यातून एकदा. आणि बाकीचे दिवस? तुमीच. कोर्स केलाय. जाऊ दे, मी कोण विचारणारा, मी आठवी नापास.

पण लेझर मला कळतो हां. या काचेच्या ट्यूबमधून किरण निघतो, डोळ्याला दिसत पण नाही. इथे अ‍ॅक्रिलिक उडवतो, तुमच्याकडे मांस. माणसाच्या अंगात पाणीच पाणी — किरण लागला की ते उकळतं, मांस वाफ होऊन जातं, बाजूची कड शिजते, बारीक नसा बंद होतात, म्हणून रक्त येत नाही. मला डॉक्टरने सांगितलं, नंतर. सगळं नंतरच सांगतात — नाही, खोटं कशाला बोलू, एकाने आधी सांगितलं होतं.

माझी ताई. रंजिता. उजव्या टाचेखाली काळा डाग होता तिच्या, तांदळाच्या दाण्याएवढा, वर्षभरात वालाएवढा झाला, वाकडातिकडा. आई बोलायची, "अनवानी फिरतं पोर, काटा रुतला असंल." लग्न उरणला ठरलेलं, हळदीला दहा दिवस. आमच्या तळवलीत हळद म्हणजे बँडवाले दमतात, माणसं नाही दमत — आणि नवरीच लंगडत? मीच नेली तिला सरकारी दवाखान्यात. डॉक्टर बोलला, हा कापून काढू, तुकडा तपासायला पाठवू, टाके पडतील, तीन आठवडे टाच टेकायची नाही. चिठ्ठी दिली. ताई तेव्हा बाहेर बाकावर, आईला फोन करत होती. विचारलं, "काय बोलले रे?" मी बोललो — काय नाय, साधा तीळ हाय, लेझरने जाईल.

मला वाटायचं, लेझर म्हणजे स्वच्छ. रोज बघतो ना — सुरी नाही, घाण नाही, कड आरशासारखी. अशाच एका क्लिनिकात नेली. पंधरा मिनिटं. रक्ताचा थेंब नाही. आणि हळदीत नाचली मॅडम, अशी नाचली — काशीकाकी बोलली, पोरीची दृष्ट काढा.

मग? मग काय. वरचं उडालं, खालचं आत राहिलं. आठ महिन्यांनी जांघेत गाठ. मोठ्या हॉस्पिटलात विचारलं, तो काढलेला डाग कुठाय, त्याचा रिपोर्ट कुठाय? कुठून आणू? किरणाने जाळलेलं तपासायला उरतं कुठे — धूर झाला, पाइपातून बाहेर गेला. कॅन्सर होता तो. आधी तुकडा तपासला असता तर वाचली असती का? विचारलं मी तिथल्या डॉक्टरबाईंना. ताईचं तेरावं होऊन पाच दिवस झाले.

नवीन शीट आली की आमी आधी कोपऱ्याचा तुकडा कापून बघतो. शीटच ती, बिघडली तर दुसरी येते — तरी बघतो. आणि तिचा तुकडा मी — ती चिठ्ठी मी रिक्षात बसताना गटारात टाकली, मॅडम. भावोजींना माहीत नाही. आईला पण नाही. तुमाला का सांगतोय, काय माहीत. परवा त्या क्लिनिकवाल्याला मारायला गेलो होतो. त्याने ओळखलं पण नाही. बोलला, "बसा, नंबर येईल." बसलो. अर्धा तास बसलो आणि उठून आलो. काय बोलणार होतो त्याला?

तर एवढं करा — खाली एक ओळ मी माझ्याकडून टाकतो. 'काळा डाग असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासून या.' बारीक अक्षरात. नको? गिऱ्हाईक घाबरेल? घाबरू दे ना! मी घाबरलो असतो तर — बरं, मग 'काळे डाग' एवढे दोन शब्द तरी काढा. ते पण नाही. हसताय कशाला?

हा घ्या तुमचा पेनड्राइव्ह. रबाळ्याला रूपेश आहे, तो कापून देईल, एक शब्द विचारणार नाही. नाही, मशीन चांगलं आहे, मशीनला काय झालंय. जा तुमी. जा ना — शटर पाडायचंय मला.