चमचा, मेंढी, कुंपण

नाही, नाही, उठू नका डॉक्टर, येईलच ग्रॅनविल — दूध आणायलाच तर गेलाय, दोन गल्ल्या सोडून दुकान आहे, आंटी सुझेटचं, येताना तुम्हाला दिसलंच असेल, अख्खी काच आमच्या रग्बी संघाच्या रंगात रंगवलीय आणि खाली मोठ्या अक्षरांत 'शनिवारी दुपारनंतर बंद' — जसं काही उद्या गावात कुणी गिऱ्हाईक उरणारच आहे! बसा. चहा घ्या, रुइबोस आहे, बिनदुधाचाही बरा लागतो. आणि ब्रेड घ्या ना, जर्दाळूचा जॅम माझ्या आईनं केलाय — ब्रेडला तोटा नाही आज, दोन आहेत, एक तर अजून उघडलाही नाही. या वाऱ्याचं मात्र काही करता येत नाही हं, ऑक्टोबर म्हणजे दिवसभर दातांखाली धूळ, मी खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबते तरी सगळीकडे तांबडं तांबडं. तुमची फाइल ठेवा टेबलावर. सही असते ना तिच्यात तुमची? म्हणजे एकच सही? शेवटच्या पानावर?

सकाळचा फोन मीच केला होता. त्याचं पोट बिघडलंय, तपासणीला येता येणार नाही म्हणून. हो, आता बरं आहे, दहापर्यंत बरं झालं — म्हणजे फार बिघडलं नव्हतंच. मला वाटलं, फोनवरच काय ते होऊन जाईल, संघाचे जुने डॉक्टर फोनवरच करायचे. तुम्ही इतक्या लांब येऊन बसाल असं कुठं माहीत होतं! अंतिम सामन्याला बाहेरचा डॉक्टर हवा, असा यंदा नियम आलाय म्हणे. चांगलाय नियम. मी काही नियमाच्या विरुद्ध नाही हो, मी शिक्षिका आहे, चौथीचा वर्ग — हातात लाल पेन असलं की मला वाटतं मला सगळं कळतं, आणि पेन खाली ठेवलं की वाटतं, बाई, तुला एवढंसुद्धा कळत नाही. लुनेल झाल्यापासून तर फारच. चौदा महिन्यांची आहे. तिला सोबत घेऊन गेलाय तो, बाबागाडीत. मीच म्हटलं, तिला घेऊन जा. ती सोबत असली की तो वाट चुकत — म्हणजे वाटेत रेंगाळत नाही. रेंगाळतो ना तो. उद्या अंतिम सामना, रस्त्यात दहाजण हात मिळवतात, पाठीवर थापा मारतात, 'ग्रॅनविल, उद्या त्यांची मान मोड!' — आमच्याकडे प्रेमानं असंच बोलतात.

तुम्हाला सांगते, एकोणीस वर्षांनी पोहोचलोय आम्ही इथवर. प्रांत कसला, मेंढ्या आणि काटेरी झुडपं, आणि खेळाडू जरा नाव काढायला लागला की शहरवाले उचलून नेतात. जुलैत हंगाम सुरू झाला तेव्हा माझे सासरेच म्हणाले होते, पोरांनो, सगळ्यात खाली राहिलात तरी चालेल, फक्त रडत येऊ नका. आणि मग एकेक जिंकत गेले हो! पहिला जिंकला, दुसरा हरला, मग सलग चार. खाटीक आमच्याकडून पैसे घेईना. माझ्या वर्गातली मुलं पाढे म्हणताना डोकी भिडवून स्क्रम करायला लागली. आणि स्क्रम म्हणजे आमचा ग्रॅनविल — तो उजवा प्रॉप, अगदी पुढच्या रांगेत, मागून सातजणांचा रेटा, समोरून आठजणांचा रेटा, आणि मधे त्याची मान. दुसरा उजवा प्रॉप होता, त्याचा गुडघा सप्टेंबरातच गेला. त्यामुळे आता एकच. प्रशिक्षक परवा इथंच बसले होते, तुमच्याच खुर्चीत, लुनेलला मांडीवर घेऊन म्हणाले, 'वहिनी, फक्त शनिवारपर्यंत सांभाळा त्याला.' सांभाळा म्हणाले. खेळवू नका असं नाही म्हणाले. काय म्हणायचं होतं त्यांना, मी दोन रात्री तेच — असो.

त्याचं डोकं ठीक आहे, डॉक्टर. अगदी ठीक. तुम्ही काय विचारणार तेही मला माहितीय — पाच शब्द सांगणार, मग इकडचं तिकडचं विचारणार, महिने उलटे म्हणायला लावणार, आणि मग, 'ते पाच शब्द सांग.' तो सांगेल. पाचच्या पाच. हंगामाच्या आधी माणूस धडधाकट असताना एकदा घेतातच ना ही परीक्षा, म्हणजे पुढे मार लागला की ताडून बघता येतं? तर तेव्हा सगळे मुद्दाम चुकतात. हसू नका, सगळ्यांना माहितीय! पाचांतले तीनच सांगायचे, महिन्यांत ऑगस्ट गाळायचा, एका पायावर उभं राहताना जरा डुगडुगायचं — म्हणजे पुढे खरंच डुगडुगलं तरी कागदावर फरक दिसत नाही. जूनमध्ये आम्ही दोघांनी इथं याच टेबलाशी बसून तालीम केली, हसून हसून पुरेवाट! मी म्हटलं, आयुष्यभर मुलांचे मार्क वाढवले, नवरा मिळाला तो कमी मार्कांची शिकवणी लावणारा. तेव्हा त्याला चुकायला शिकवावं लागत होतं.

तेव्हा.

मग ऑगस्टातला सामना. ती धडक मला दिसलीच नाही, मी लुनेलची टोपी शोधत होते. वर बघितलं तर तो उठून उभा, आणि चालत चालत जाऊन समोरच्या संघाच्या घोळक्यात उभा राहिला. त्यांच्या खांद्यावर हात टाकून. अख्खं मैदान हसलं. मीही हसले, डॉक्टर. तो चेष्टेखोर आहेच, लग्नात पाद्र्यांच्या मागे उभा राहून त्यांच्या नकला करत होता — मला वाटलं, तसंच. लुनेलनं टाळ्या वाजवल्या. मग त्यांच्याच एकानं त्याचं मनगट धरून त्याला आमच्या बाजूला आणून सोडलं, हळूच, आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडून देतात तसं. तेव्हा हसणं थांबवायला हवं होतं. माझं थोडं उशिरा थांबलं.

सोमवारी परीक्षा होती. जुन्या डॉक्टरांकडे एकच कार्ड, वर्षानुवर्षं तेच, कडा झिजलेलं. कुणीतरी फोटो काढलेला, खेळाडूंच्या बायकांच्या ग्रुपवर फिरत होता — कुणी टाकला विचारू नका, आणि मी म्हणाले असंही म्हणू नका. मी फक्त शिकवलं. रविवारी दुपारी चारपासून. चमचा, मेंढी, कुंपण, साबण, पाऊल. चमच्यानं मेंढीला भरव, मेंढी कुंपणावरून उडी मारेल, पलीकडे साबण, पाऊल घसरेल — चौथीच्या मुलांना मी अशाच गोष्टी करून देते, त्यांना दहा मिनिटं लागतात. त्याला शिकता शिकता रात्रीच्या जेवणाची वेळ टळून गेली. पण पाठ झालं! आणि सोमवारी पाचपैकी पाच. जूनमध्ये तीन, आणि डोक्यावर आपटल्यावर पाच! जुने डॉक्टर म्हणाले, 'ग्रॅनविल, धडकेनं तुझी बुद्धी वाढली की रे!' सही केली. आम्ही सगळे हसलो. तेव्हाही हसलो.

लुनेलनं पहिला शब्द काय काढला माहितीय? 'मेंढी.' रोज ऐकते ना, रोज संध्याकाळी तालीम असते आमची, उपान्त्य सामन्यापासून तर सकाळीसुद्धा. 'मेनी' म्हणते. मग 'चम्मा'. परवा 'पाऊ'. तिला तीन येतात. काल सकाळी त्याला — नाही, त्याला येतात हो, सकाळी जरा जड जातं इतकंच, उन्हं वर आली की येतात. फक्त आजची सकाळ बरी नव्हती. मला त्यानं माझ्या नावाऐवजी त्याच्या बहिणीचं — त्याची बहीण वारली, पाच वर्षं झाली. पण आपणही चुकतोच की नावं, मी वर्गात रोज चुकते. म्हणून मी फोन केला. पोटाचा.

नाही, फार वेळ नाही झाला. तुम्ही घड्याळाकडे बघू नका. माझं बघून झालंय. गर्दी असेल. बाबागाडीच्या टपाला मी चिठ्ठी टाचून दिलीय, 'दूध', फक्त 'दूध', मोठ्या अक्षरांत. आणि मागच्या बाजूला आमचा — ते आपलं असंच. पत्ता. गाडी हरवली तर म्हणून. सकाळी ब्रेड सांगितला होता, त्यानं ब्रेड आणला, बरोबर. मग अकराला लंगोट सांगितले तर पुन्हा ब्रेड. हा न उघडलेला, तोच. दुकानात लंगोट संपले असतील, असं मी म्हटलं. तोही हो म्हणाला.

थांबा, फोन — हॅलो? हो, आंटी. हो, आहेत, इथंच बसल्यात. ... निघाला? कधी? ... नाही, नाही आला अजून. ... वीस मिनिटं? ... कुठल्या बाजूला वळला बघितलंत का? ... मैदानाकडे. आणि गाडी? गाडी त्याच्या हातात होती ना? ... बरं. बरं, आंटी.

ती फोन करते मला, तो दुकानातून निघाला की. शेजारधर्म. तुमचा चहा गार झाला, दुसरा — नाही, तुम्ही बसा, मी जाते बघायला, मैदान जवळच आहे, तारेच्या पलीकडे मोठा रस्ता आहे ना, ट्रक जातात खाणीकडचे, म्हणून फक्त — माझ्या चपला — मीच पाठवलं, डॉक्टर. तुम्ही यायच्या आधी घरात ओरडाओरड नको, चालून आला की ताजातवाना दिसेल, सही होईल, उद्याचा एकच दिवस, मग विश्रांती, असं मी — आणि बाळ त्याच्याबरोबर दिलं, त्याला सांभाळायला! चौदा महिन्यांचं बाळ! कुठल्या आईला —

फाटक वाजलं. वारा असेल. नाही. चाकं. चाकं वाजताहेत.

अगं माझी बाई, ये, ये, टोपी कुठं गेली तुझी, केवढी धूळ ही डोळ्यांत — आहे, आहे, सगळी आहे, हात, पाय — काही झालं नाही, डॉक्टर, बघा, हसतेय. चिठ्ठी आहे टपाला, जशीच्या तशी. ग्रॅनविल, या डॉक्टर मोलेमा, तुझ्यासाठी आल्यात. हो रे, बस. आधी हातातलं ठेव. कुठं? तिथंच. त्या दोन ब्रेडच्या शेजारी.

नाही, ग्रॅनविल, अजून त्यांनी काही विचारलं नाही. अरे, थांब — हो. कुंपण, हो. साबण. पाऊल. शाब्बास.

शाब्बास म्हटलं मी. तोंडातून गेलंच.

डॉक्टर, तुमच्याकडे दुसरं कार्ड असेल ना? वेगळ्या शब्दांचं? ते काढा. मला दाखवू नका.

ऐकलेस ना त्यांचे नवे शब्द? आता त्या विचारतायत, सांग. माझ्याकडे नको बघू, राजा. त्यांच्याकडे बघ. माझ्याकडे नको. मी नाही सांगणार.