‘लाईन आली का’ ग्रुपच्या जिनेशभाऊंना निरोप देताना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, व्यापारी मंडळाचे माननीय गोविंदसिंगजी. व्यासपीठावरचे आदरणीय गुलाबचंदजी आणि सूरजबाई. आजचे सत्कारमूर्ती श्री. जिनेशभाऊ आणि सौ. चंदनाताई, सूत्रसंचालन करणारी चि. निकिता, आणि समोर बसलेल्या, ‘लाईन आली का’ या ग्रुपच्या सर्व सभासद बंधू-भगिनींनो, नमस्कार, जय जिनेंद्र, जयभीम, जय सेवालाल. ज्याचा जो असेल तो त्याने घ्यावा, म्हणजे मला सुरुवात करता येईल.

निकिताने आत्ता सांगितलं की जिनेशभाऊंच्या गुरू, निवृत्त प्राध्यापिका शीलाताई दोन शब्द बोलतील आणि शाल-श्रीफळ देतील. दोन शब्दांत माझं भागणार नाही. नारळ टेबलावर आहे, शाल माझ्या हातात आहे. ती तूर्त हातातच राहू द्या.

माझ्या आधी सगळे गोड बोलले. मला ते जमत नाही. बत्तीस वर्षं याच मंगरूळपीरमध्ये मी भौतिकशास्त्र शिकवलं, आणि उत्तर चुकलं तर चुकलं असंच म्हणत आले. जिनेशभाऊ माझ्या वर्गात होते. माझा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत त्यांचा हात वर. उत्तर बरोबर आलं की सगळ्या वर्गाकडे पाहायचे, चुकलं की खिडकीबाहेर. चंदनाताई, तुम्ही हसलात ते मी पाहिलं. म्हणजे घरीही तेच चाललंय.

आता जे चांगलं आहे ते आधी सांगते, कारण ते खरं आहे. शेतीची लाईन, म्हणजे वीज, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि मध्येच कधी गायब. शेतकऱ्याने पंपापाशी किती वेळ ताटकळायचं? जिनेशभाऊंनी ग्रुप काढला. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी सबस्टेशनला फोन करायचा, एसटी डेपोत विचारायचं, नगरपरिषदेत विचारायचं आणि मग आवाजी संदेश टाकायचा. ‘नमस्कार मंडळी, जिनेश बोलतो. आज लाईन अमुक वाजता, गाडी तमुक वाजता, नळ इतक्या वाजता.’ आसेगावपासून धनजपर्यंत लोक त्या आवाजावर उठले, पेरले, प्रवासाला निघाले. एकदाही वेळ चुकली नाही. माझ्याही घरी नळ आहे, मीही त्यांची आभारी आहे. हे झालं.

मग जिनेशभाऊंना वाटलं, फक्त लाईनच का सांगायची? दिवसभर दुकानात बसून ते मोबाईलवर जगाच्या बातम्या वाचतात. विज्ञान, काँप्युटर, इंटरनेट, अवकाश. वाचावं. मला त्याचा आनंदच आहे. पण लाईनच्या पाठोपाठ, श्वासही न घेता, जगाचं भविष्य सुरू झालं. ‘उपग्रहावरून इंटरनेट येणार, म्हणजे टॉवर सगळे भंगारात जाणार.’ आपल्या भाऊसिंगजींच्या शेतात टॉवर आहे. त्या आठवड्यात त्यांच्या गळ्याखाली घास उतरला नाही. ‘नव्या जातीचे काँप्युटर येणार, म्हणजे जगातले सगळे पासवर्ड फुटणार.’ सूरजबाईंनी घाबरून असा पासवर्ड ठेवला की अजून त्यांचाच फोन त्यांना उघडत नाही. हसू नका. त्या हसल्या तरच हसा.

गुलाबचंदजी मला म्हणाले होते, ‘ताई, मनावर काय घेता? लडका शौकीन आहे.’ शौकाला माझी ना नाही. आणि जिनेशभाऊंनी खोटी बातमी कधी दिली, असंही मी म्हणणार नाही. बातमी खरीच असते. कुठेतरी कोणीतरी प्रयोग केलेला असतो. त्या बातमीला हे स्वतःचं शेपूट जोडतात, आणि शेपूट त्याच आवाजात सांगतात ज्या आवाजात लाईनची वेळ सांगतात. ऐकणाऱ्याने कसं ओळखायचं, यातलं फोन करून विचारलेलं कोणतं आणि गल्ल्यावर बसून सुचलेलं कोणतं?

निकिताने मला चिठ्ठी पाठवली आहे. ‘वेळ संपत आली.’ बेटा, ही चिठ्ठी त्यांना पाठव, माझ्या आधी पाऊण तास बोलून गेले त्यांना. मी आत्ता मुद्द्यावर येते.

आसेगावची मंजुषा बारावीला माझ्या ओसरीवर शिकायला येत होती. हुशार आहे, आणि मी हा शब्द स्वस्तात वापरत नाही, हे माझे विद्यार्थी सांगतील. तिला अकोल्याला एक्स-रे तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली. पेढे घेऊन आली होती. नंतर परत आली ती माझी पुस्तकं परत करायला. म्हटलं, आताच का? अभ्यासाला लागतील. तर म्हणाली, ‘आई नाही म्हणते.’

मी आसेगाव गाठलं. पंचफुलाबाई, म्हणजे मंजुषाची आई, अंगणात शेंगा निवडत होत्या. मला वाटलं होतं, नेहमीचं ऐकावं लागेल, मुलीची जात, शहरात एकटी कशी राहील. तसलं काही नाही. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, पोरगी अकोल्याले राहीन, मले त्याचा भेव नाही. पन ज्या कामाले मशीन येऊन राह्यली, त्या कामाले पोरगी कायले धाडू?’

मी विचारलं, कोणी सांगितलं?

‘जिनेशभाऊनं सांगतलं. एक्स-रे आता काँप्युटरच पाह्यते, तीन-चार वर्षांत एक्स-रेवाले सारे घरी बसतीन. मॅडम, आमी बाया सोयाबीन सोंगाले जात होतो. एका साली हार्वेस्टर आलं, अन् आमी धुऱ्यावर उभ्या राहून पाहत राह्यलो. तवा आमाले कोनीच आधी सांगतलं नव्हतं. या खेपेले त्या मानसानं आधी सांगतलं. आता आयकून बी मी तेच करू का?’

सांगा, यात त्या बाईचं काय चुकलं? ज्या आवाजाने सांगितलेल्या वेळेला वर्षानुवर्षं लाईन आली, त्या आवाजावर तिने विश्वास ठेवला. मी तिच्या जागी असते तर मीही ठेवला असता.

तिथून मी थेट जिनेशभाऊंच्या दुकानात गेले. सामानाची बांधाबांध चालली होती, पुण्याला मुलाकडे कायमचं राहायला जायचंय म्हणून. मला खुर्ची दिली, चहा मागवला, वागण्यात कसूर नाही. मी सगळं सांगितलं. जिनेशभाऊ काय म्हणाले, ते त्यांच्याच शब्दांत सांगते, म्हणजे मी मीठमिरची लावली असं व्हायला नको.

‘अरे मॅडम, थे त माझं मत होतं न! मताले काय लायसन लागते? लोक आयकते अन् सोडून देते.’

मी म्हटलं, एका बाईने सोडून दिलेलं नाही. तिला तसं सांगा.

‘सांगतो न. टाकतो उद्या ग्रुपवर.’

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लाईनची वेळ आली, आणि घडी घालायचा नवा मोबाईल किती टिकेल यावर मत आलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रावरच्या पाण्याबद्दल मत आलं. आसेगावच्या मुलीबद्दल एक अक्षर नाही. मी फोन केला. उचलला नाही. मी पुन्हा केला. चंदनाताईंनी उचलला आणि म्हणाल्या, ‘थे गोदामात आहेत.’ ताई, तुमच्या मागे बातम्या चालू होत्या, मला ऐकू येत होतं. तुम्हाला मी दोष देत नाही.

या समारंभाचं आमंत्रण मी आधी नाकारलं होतं. त्या फोननंतर मी गोविंदसिंगजींना कळवलं की येते. अध्यक्षमहाराज, आता तुम्हाला कळलं असेल, मी एवढ्या तत्परतेने का आले.

आज पंचफुलाबाई आणि मंजुषा या सभागृहात आहेत. दाराजवळ, शेवटच्या रांगेत. मी त्यांना घेऊन आले असं नाही, त्या आपणहून निघाल्या होत्या, मी फक्त सोबत केली. आणि जिनेशभाऊ, त्या तुमच्याशी भांडायला आलेल्या नाहीत. त्यांच्या मांडीवर पिशवी आहे, त्यात घरच्या तुरीची डाळ आहे, तुमच्यासाठी. त्या तुमचे आभार मानायला आल्या आहेत. लेकीला वेळेवर वाचवलंत म्हणून.

आता खिडकीबाहेर पाहू नका.

मागच्या हिवाळ्यात मी ओल्या फरशीवर घसरले. वाशिमला एक्स-रे काढला. तिथे एक मुलगी होती, मंजुषापेक्षा थोडी मोठी. तिने मला टेबलावर घेतलं, दुखऱ्या बाजूला धक्का लागू न देता कुशीवर वळवलं, पायाखाली उशी दिली, आणि म्हणाली, ‘आजी, श्वास धरा.’ आजी म्हटल्याचा मला राग आला, पण श्वास धरला. फोटो निघाल्यावर तो पाहणारे वेगळे असतात. तुमच्या बातमीतला काँप्युटर निघालेला फोटो पाहतो. तो मला कुशीवर वळवत नाही. जिनेशभाऊ, पाहणारा आणि काढणारा यातला फरक तुम्ही बातमीत वाचला नाहीत, आणि वाचला नाही हेही तुम्हाला कळलं नाही. अशा मतावर एका मुलीची जागा चालली आहे. उद्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. उद्या संध्याकाळी ती जागा दुसऱ्या कोणाची होईल आणि तुम्ही पुण्याच्या गाडीत बसून बॅटरीवर मत द्याल.

कार्यक्रमपत्रिकेत पुढे ‘सत्काराला उत्तर’ आहे. तुमचं उत्तर लांब असणार, मी तुम्हाला ओळखते. त्यातलं एकच वाक्य मला आत्ता हवं आहे, शाल घालायच्या आधी. हा माईक घ्या.

काय? ‘मॅडम, आता?’ हो, आता. गोविंदसिंगजी, तुम्ही बसा. कार्यक्रम बिघडत नाही.

उभे राहा. तिकडे पाहून बोला, माझ्याकडे नको. नाही, ‘गैरसमज झाला असल्यास’ नको. गैरसमज तिचा नाही. पुन्हा.

मंडळी, मागे ऐकू गेलं नसेल तर मी सांगते. जिनेशभाऊ म्हणाले, ‘पंचफुलाबाई, लाईनचं मी इचारून सांगतो. एक्स-रेचं मले काही माहीत नव्हतं. मनानंच बोललो.’

बस. एवढंच हवं होतं. हे तुमचं आजवरचं सर्वांत चांगलं शास्त्रीय विधान आहे. टाळ्या नकोत. थांबा, पंचफुलाबाई उभ्या राहिल्या आहेत. बोला बाई, मोठ्याने बोला.

त्या विचारतात, ‘मंग मॅडम, तुमी जे सांगून राह्यल्या, थे तरी तुमाले माहीत हाय, का थे बी तुमचं मतच?’

शांतता ठेवा. हसण्यासारखं काही नाही, हा प्रश्न मी बत्तीस वर्षं वर्गाकडून ऐकायची वाट पाहिली.

पंचफुलाबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. मला कुशीवर वळवणारी मुलगी होती, यंत्र नव्हतं. हे मला माहीत आहे. अकोल्याहून शिकून बाहेर पडलेल्या माझ्या दोन विद्यार्थिनी आज नोकरीला आहेत. हेही माहीत आहे, दोघींचे फोन नंबर देते, तुम्ही स्वतः विचारा. वीस वर्षांनी कोणतं यंत्र काय करेल, हे मला माहीत नाही. जिनेशभाऊंना माहीत नाही. त्या बातम्या लिहिणाऱ्यांनाही माहीत नाही. मंजुषाने जावं, हे माझं मत आहे. मत म्हणूनच घ्या. ठरवायचं तुम्ही आणि तिने.

त्या लेकीशी बोलत आहेत. आपण थांबू. निकिता, चिठ्ठी नको.

काय म्हणालात? जरा मोठ्याने.

मंडळी, त्या विचारतात, ‘अकोल्याची पयली गाडी सकाऊन किती वाजता हाय?’

हे मी सांगणार नाही. जिनेशभाऊ, माईक तुमच्याच हातात आहे. हे तुम्हाला खात्रीने माहीत असतं.

सव्वासहा. ऐकलंत? सव्वासहा, आणि सुटतेही वेळेवर, हे मी माझ्या अनुभवाने सांगते.

आता शाल. खाली वाका, तुम्ही माझ्यापेक्षा उंच झालात. हं. ही शाल मी लाईनसाठी देते, गाडीसाठी देते आणि नळासाठी देते, दुसऱ्या कशासाठीही नाही. पुण्याला ग्रुप काढलात तर फोन आधी करा, बोला नंतर. डाळ मात्र घ्या. ती परत करू नका, त्या बाईंनी मनापासून आणली आहे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, म्हणजे थांबवता आलं नाही, तरी त्यांची मी आभारी आहे. निकिताच्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्याकडे जपून आहेत. सत्कारमूर्तींच्या कुटुंबाला समारंभात असं ऐकावं लागलं; चंदनाताई, तुमची मी मनापासून माफी मागते. तुमच्या यजमानांची मागत नाही. बोलण्याच्या ओघात आणखी कोणाचं मन दुखावलं असेल तर म्हातारीला सांभाळून घ्या, आणि मला आता बसू द्या. सकाळी लवकर उठून त्या गाडीवर जायचं आहे.