बर्टी पक्षी उचलत नाही

...आणि आमचे हे वर मलाच विचारतात, ‘तू त्याला काय खायला घातलंस?’ मी! म्हणजे माझी भाकरी खाऊन कुत्र्याची बुद्धी फिरली! तुम्हाला सांगते, ज्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एकच धंदा, साहेबानं बंदुकीनं पक्षी पाडायचा आणि यानं धावत जाऊन तो तोंडात धरून आणून द्यायचा, ज्याच्या आईला त्यासाठी कप मिळालेत, आज्याचा फोटो पबात लावलाय, असला खानदानी काळा लॅब्रॅडोर आमच्या घरी आला... आणि उचलेल तर शपथ!

बाकी सगळं उचलतो हं. माझी चप्पल उचलतो, यांचा चष्मा उचलतो, शेजारणीच्या दोरीवरची, आता आपल्याआपल्यात सांगायला काय हरकत, चड्डी उचलून आणली त्यानं, ती मी धुऊन तिला परत द्यायला गेले, मान खाली घालून सॉरी म्हटलं, तर ती म्हणते, हाऊ स्वीट. स्वीट म्हणे! पण मेलेला फेझंट समोर टाका... फेझंट म्हणजे काय, कोंबडीचीच चुलत जात, नर दिसायला लग्नातल्या बँडवाल्यासारखा आणि अक्कल इतकी की गाडी आली की मुद्दाम रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहणार... तो टाका, लांब गवतात टाका, झुडपात टाका, हा जाणार, बरोबर शोधून काढणार आणि त्याच्या शेजारी बसणार. पुढचे पाय पसरून. तोंड वर, आभाळाकडं. मयताला आल्यासारखा. पण उचलेल तर शपथ!

हे सगळं लचांड आलं कुठनं? तर आमच्या यांच्याकडनं, दुसरं कुठनं येणार? आमचे हे, सुभाषराव, जन्मभर हाउन्सलोला होते, एअरपोर्टजवळच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे. रिटायर झाले आणि पोरीला, ईशिताला, कार्डिफच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, म्हणून आम्ही इकडं वेल्समध्ये आलो, कार्डिफच्या बाहेर, खेड्यात. खेडं म्हणजे एक चर्च, एक पब आणि बाकी मेंढ्या. हे सोफ्यावर बसले ते बसलेच. कुणाशी बोलणं नाही, कुठं जाणं नाही, खिडकीतनं मेंढ्या बघायच्या आणि मेंढ्यांनी यांना बघायचं. मेंढ्या आधी कंटाळल्या. ईशिता म्हणाली, ‘आई, बाबाला एक हॉबी पाहिजे.’ मी म्हटलं, भांडी घासा म्हणावं, चांगली हॉबी आहे. पण आमचं ऐकतंय कोण?

मग यांना पबात प्रोबर्ट भेटला. गावातल्या शिकारीच्या मंडळाचा प्रमुख. हे लोक हिवाळ्यात दर शनिवारी डोंगरावर जमतात, काही जण काठ्या आपटून पक्षी उडवतात, काही जण बंदुका झाडतात आणि काही जण कुत्री घेऊन पडलेले पक्षी गोळा करतात. प्रोबर्टच्या कुत्रीला पिल्लं झालेली. तो यांना म्हणाला, एक पिल्लू घे, तयार कर आणि आमच्यात ये. पण अट काय? सीझनच्या पहिल्या शनिवारी त्यानं काम करून दाखवायचं. नाही दाखवलं तर पिल्लू परत, ते जाणार स्कॉटलंडला, प्रोबर्टच्या पुतण्याकडं. कामाचा कुत्रा आहे म्हणाला, सोफ्यावरची उशी नव्हे. आणि हे म्हणाले, यस सर. मी जन्मभर एक मांजर मागत होते, तर अंगावर केस येतात म्हणणारा माणूस, यस सर!

झालं. बर्टी आला. यांनी चौकडीची टोपी आणली, हिरवा कोट आणला, गळ्यात शिट्टी अडकवली. एक लांब शिट्टी म्हणजे बस, आखूड शिट्ट्या म्हणजे ये. सकाळपासून बागेत पी पी पी पी. कुत्रा जागचा हलायचा नाही, मी मात्र दर शिट्टीला कुकरचा गॅस बंद करायला धावायचे. महिनाभर आम्ही कच्ची डाळ खाल्ली.

कापडाची एक वळकटी असते, डमी म्हणतात तिला. ती फेकली की हा धावत जाऊन आणायचा. हे खूश! मग त्या वळकटीला रबरबँडनं फेझंटचे पंख बांधले. बर्टी गेला, वास घेतला... आणि बसला. मग प्रोबर्टनं अख्खे पक्षी दिले सरावाला. ते ठेवले कुठं? माझ्या फ्रीझरमध्ये! खोवलेल्या नारळाच्या शेजारी, पिसांसकट, चोचीसकट. मी संकष्टीला मोदकांसाठी नारळ काढायला हात घातला, तर हाताला पाय लागला. मी त्या दिवशी यांना जे बोलले ते इथं सांगत नाही, ईशिताच्या बाळंतपणात लागलं तर राखून ठेवलंय.

आणि एक दिवस बघते तर काय, आमचे हे बागेत हातापायांवर! गवतात रांगत रांगत गेले, पंखांची वळकटी तोंडात धरली आणि मान हलवत परत आले, कुत्र्याला दाखवायला की, बघ बाबा, असं असतं. मिशीला पिसं. शेजारी कुंपणापलीकडनं बघतोय, हातातली कात्री हातात. आणि बर्टी? त्यानं यांच्या तोंडातली वळकटी नीट बघितली, यांना बघितलं आणि तिथंच यांच्याशेजारी आडवा झाला. तुम्हाला सांगते, घरात एक पक्षी आणणारा निघाला, तोही चुकीचा. कुत्रा? उचलेल तर शपथ!

ईशिताचं वेगळंच. हाउन्सलोला जन्मली, मराठी बोलते ते शाल उलटी पांघरल्यासारखं. ती म्हणाली, ‘आई, बर्टीला एन्झायटी आहे. ती पक्षी बघून घाबरते. तू त्याला ओरडू नको, त्याची सेफ स्पेस पाहिजे.’ कुत्र्याला! मला चौथीत शाळेतनं काढून धुणीभांडी करायला लावली तेव्हा कुठं होती सेफ स्पेस?

आता तुम्ही म्हणाल, मग उचलत का नाही? मला विचारा ना. मला पहिल्यापासून माहीत होतं! अहो, मी अलिबागकडची. उन्हाळ्यात कार्डिफच्या बाजारातनं बांगडे आणते, खारवते आणि बागेत जाळीवर वाळत घालते. इथलं ऊन म्हणजे जावयासारखं, आलं तर त्याच दिवशी सगळं करून घ्यायचं. आणि इथले सीगल! चोर मेले, तुमच्या हातातला चिप तोंडात जायच्या आधी त्यांच्या पोटात. म्हणून मी या बर्टीला जाळीपाशी बसवला, हातात लाटणं घेतलं आणि सांगितलं, इथं बसायचं. तोंड लावायचं नाही. दुसऱ्या कुणाला लावू द्यायचं नाही. आभाळाकडं लक्ष ठेवायचं आणि मी येईपर्यंत हलायचं नाही. शिट्टी नाही, टोपी नाही. दोन दिवसांत शिकला! अख्खा उन्हाळा एक बांगडा गेला नाही माझा. आता मेलेलं काही दिसलं की तो काय करणार? राखणारच ना! यात माझं काय चुकलं? मी यांना सांगितलं तसं. तर म्हणाले, तू मध्ये पडू नको, ट्रेनिंगचं शास्त्र असतं. असू दे म्हटलं. शास्त्र करा. मीही नंतर एकदा त्याला म्हणून बघितलं, उचल रे बाबा, मी सांगतेय. तर माझ्याकडं असा बघतो, की बाई, परीक्षा घेताय होय? मला लाटणं आठवतंय.

तर तो शनिवार आला. यांनी सकाळपासून बर्टीला ब्रश केलं. मी डब्यात पराठे घेतले, फ्लास्क घेतला, आणि बर्टीची चादरही पिशवीत टाकली. तिकडनंच पाठवायचा झाला तर... स्कॉटलंडला थंडी फार. आणि रोज संध्याकाळी माझ्या गुडघ्यांवर झोपून अंगाची धग द्यायची सवय लागलीय मेल्याला, तिकडं कुणाचे गुडघे शोधणार होता?

डोंगराच्या पायथ्याशी आम्ही उभे. पाऊस, चिखल. काठ्या वाजल्या, पक्षी उडाले, बंदुका वाजल्या. बाकीची कुत्री पळाली आणि पक्षी तोंडात धरून परत आलीसुद्धा, घरचं दळण आणल्यासारखी. यांनी शिट्टी मारली. बर्टी सलगमच्या शेतात घुसला, पक्षी शोधला... आणि बसला. पाय पसरून. तोंड आभाळाकडं. हे शिट्टी मारतायत, हाका मारतायत, आवाज फाटला यांचा. प्रोबर्टची कुत्री, म्हणजे बर्टीची सख्खी आई, तो पक्षी उचलायला गेली, तर हा आईवर गुरगुरला! मग प्रोबर्ट स्वतः गेला. त्याला दात दाखवले.

प्रोबर्ट परत आला, टोपी काढून पाणी झटकलं आणि यांना हळूच म्हणाला, सॉरी सुभाष, कुत्रा चांगला आहे. घर चुकलं.

यांनी शिट्टी गळ्यातनं काढली आणि खिशात ठेवली. बस, तेवढंच. तुम्हाला सांगते, एरवी मी या माणसाला दिवसातनं दहा वेळा मूर्ख म्हणते, पण मी म्हणते! आणि घर चुकलं? माझं घर? मी फ्लास्क ठेवला चिखलात आणि गेले सलगमच्या शेतात, गुडघ्याएवढा चिखल, एक बूट तिथंच राहिला. म्हटलं, ‘बर्ट्या, शाबास. आता सरक.’ लगेच उठला. शेपूट अशी हलवतोय की अंगावर सगळा चिखल. मी पक्षी मानेला धरून उचलला, तशीच एका बुटावर आले आणि प्रोबर्टच्या हातात दिला. म्हटलं, ‘बघ. एक पीस विस्कटलंय का बघ. तुझ्या बाकीच्यांनी आणलेले बघ आणि हा बघ. माझ्या घरचं वळण आहे हे!’ मराठीतच बोलले. सगळं कळलं त्याला.

तो पक्षी उलटापालटा करून बघत राहिला. तोवर बर्टी ओढ्यापलीकडं जाऊन बसलेला, आभाळाकडं तोंड. तिथं सगळी कुत्री जाऊन रिकामी परत आली होती. मी गेले. पक्षी होता. पुढच्या वेळी काट्यांत बसला. गेले. पक्षी होता. दिवस मावळायच्या आत मी एवढे पक्षी उचलले की कंबर धरली, आणि प्रोबर्ट यांना काय म्हणाला? कुत्रा आणत नाही, पण ती आणते. चालेल. पुढच्या शनिवारी दोघांना घेऊन ये. हे यस सर म्हणाले आणि टोपीत नाक शिंकरलं, चौकडीच्या!

कुत्रा राहिला. चादर परत घरी आली. आणि मी? गुडघ्यांचा डॉक्टर जिना चढू नका म्हणतो आणि मी दर शनिवारी डोंगर चढते. परवा कुणी नवा पाहुणा आला होता बंदूक घेऊन. मी दोन्ही हातांत फेझंट लोंबकळत चिखलातनं येतेय, बर्टी मागनं डुलत येतोय, ते बघून त्यानं यांना विचारलं, हे कुणी ट्रेन केलं? आणि आमचे हे, पराठा खात, छाती काढून म्हणाले, ‘आय ट्रेन्ड देम.’ देम! दोघांना! मी तिथंच उलटं फिरून सांगणार होते यांना चार शब्द, पण तेवढ्यात बर्टी पुन्हा कुठंतरी खाली जाऊन बसला, आणि पाऊसही वाढला... म्हटलं जाऊ दे, आधी पक्षी घेऊन येते, भिजेल.