खालच्या खणाच्या तळावरचे नाव

मी आसुम्प्ता ब्रुगारोलास, वय ७४ वर्षे, पूर्वीचा धंदा लाकडातील जडावकाम, सध्या निवृत्त, रा. ग्रासिया, बार्सिलोना. मला कोणी धरून आणलेले नाही, मी आपल्या पायांनी ठाण्यात आले आहे आणि विचारल्यावरून समक्ष सांगते की,

आज रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मी आमच्या निवृत्त कारागिरांच्या मंडळाबरोबर आधुनिक कातालान कला व सजावटकलेच्या संग्रहालयात गेले. दुसऱ्या मजल्यावर अक्रोडाचे पाच खणांचे कपाट आहे. त्यावर रंगीत लाकडांचे तुकडे बसवून पाणकमळे काढली आहेत. पाटीवर नाव एकच, रचनाकार विदाल-रोकामोरा. त्या गृहस्थांनी कागदावर चित्र काढले. एकूण एक पाकळी करवतीने कापून बसवली ती माझ्या आजीने, रेमेई फोर्कादा हिने. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

हे मी माहिती सांगणारे दामिया सेन्तीस यांना सांगितले. ते हसून म्हणाले, "बाई, प्रत्येकाच्याच आजीने काही ना काही केलेलं असतं. पुरावा आहे का?"

पुरावा होता. आजी काम करायची त्या कारखान्यात बायकांना सही करायला मनाई होती. म्हणून मुकादमाची पाठ वळली की त्या सर्वांत खालचा खण उलटा करून पेन्सिलीने नाव लिहीत. मला कामाला बसवले त्याच दिवशी आजीने हे सांगितले होते. मी दोरी ओलांडली, खण बाहेर काढला आणि जमिनीवर पालथा ठेवला. घंटा वाजू लागली. नाव होते. तारीखही होती, १२ मार्च १९०८.

पहारेकरी बाईंनी खण जागेवर ठेवायला सांगितले. मंडळातल्या सगळ्यांचे वाचून होईपर्यंत मी हलले नाही. या वयात चष्मा शोधायला वेळ लागतो, त्याला माझा इलाज नाही. खणावर ओरखडाही उठलेला नाही. खण कसा काढावा हे मला तिथल्या साहेबांपेक्षा जास्त कळते. सेन्तीस यांनी वाचले की नाही सांगता येत नाही, ते खिडकीबाहेर बघत होते.

पश्चात्ताप होतो का, असे मला विचारले. होत नाही. पुन्हा असे करणार नाही, हे लिहून मागितले. देणार नाही. पाटी बदलेपर्यंत मी दर रविवारी तिथे जाईन.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "विदाल-रोकामोरा यांचे कपाट" असे लिहिलेले होते. ते खोडायला लावून मी "रेमेई फोर्कादा व विदाल-रोकामोरा यांचे कपाट" असे लिहून घेतले. हवालदार म्हणाले, "निदान त्यांचं नाव तरी आधी लिहू या, बाई."

मी म्हटले, "नाही."

खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. आता मजकूर बरोबर आहे.