सुमनच्या अंगणातलं माझं पिंप

लिहा, नाव इंदुमती. पण त्या नावाने मला कोण ओळखत नाय. रोह्यापासून धाटावपर्यंत कुणालाही विचारा, पिंपवाली इंदू म्हटलं की वरसे गावातलं माझं घर दाखवतील. मूळ गाव पेणच्या खाडीकडचं. बाप मिठागरावर, आई मिठागरावर, आम्ही दोघी बहिणी पण तिथंच, मी थोरली आणि सुमन धाकटी. डोक्यावर मिठाची पाटी, त्याचं पाणी मानेवर गळायचं आणि कातडी सोलून निघायची. तिची मान सोलली की मी तिच्या पाटीतलं मीठ माझ्या पाटीत ओतून घ्यायची. तुमच्या कागदावर बापाचा धंदा असा प्रश्न हाय ना, तो सुमनने काय सांगितला? आधी तिच्याकडे गेला होतात, ठाऊक हाय मला, वरशात कुणाच्या दारात कुणाची चप्पल निघते ते मला इथून दिसतं. नाय सांगणार? एकीचं दुसरीला सांगायचं नसतं? बरं, राहू द्या.

काय सांगू तुम्हाला, लग्न होऊन इथं आले तेव्हा घरात काय नव्हतं. माणूस भला, पण भाव करायला जीभ नाय त्याला. मग मीच पेणहून सुकट आणून दारोदार विकली. धाटावला कंपनीच्या गेटवर सुकट द्यायला जायची, तिथं रिकामी पिंपं पडलेली दिसायची, निळी, प्लास्टिकची. गावात तर बायका पाणी साठवायला भांडं शोधत फिरायच्या. तिथल्या भंगाराच्या ठेकेदाराला म्हटलं, देतोस काय? त्याने भाव सांगितला, मी हसले आणि पाठ फिरवली. भाव करताना आधी पाठ दाखवायची असते, काळीज मागे राहिलं तरी पाय पुढे चालले पाहिजेत. हाक मारलीच त्याने. आज माझा टेम्पो हाय, स्लॅबचं घर हाय, रंगीत टीव्ही हाय, फोन हाय. लिहिलंत ना सगळं? ॲसिडचं पिंप मी पाण्यासाठी कधी विकलं नाय, तेलाचं, साबणाचं घ्यायचं, सोडा घालून धुवायचं, उन्हात टाकायचं, नाक घालून बघायचं, मगच गिऱ्हाइकाला.

आणि सुमनचा नवरा कोणी शोधला? मीच. तिथंच गेटवर बघितला होता, परमनंट पोरगा, मान खाली घालून कामाला जायचा. त्याच्या बापाशी मी भांडले, मानपानावरून त्याला खाली आणला आणि बहिणीला कंपनीत दिली. आता ती कंपनीवाली आणि मी भंगारवाली. सकाळी कंपनीची बस तिच्या दाराशी हॉर्न देते, जसं काय राजाला न्यायला आली. ती बायकांत सांगते, हे या आठवड्यात सेकंड शिफ्टला आहेत. आहेत! मिठागरावर हाय म्हणणारी पोर आता आहेत म्हणते, नाय म्हणणारी नाही म्हणते. मला जन्मभर बाय म्हटलं, आता चारचौघांत ताई म्हणते. कमाई माझी जास्त, विचारा कुणालाही. पण लग्नाकार्यात खुर्ची तिच्या नवऱ्याला, आणि माझा माणूस टेम्पोला टेकून उभा. व्हय, जळते मी. लिहा तसं, मला लाज नाय.

आता मुद्द्याचं ऐका. माझ्या मंगलला पेणचं स्थळ आलं, मुलगा बँकेत. बघायला येणार म्हणाले. माझ्या अंगणात पिंपांची रास, धुण्याचं पाणी वाहतं, वास येतो थोडा, खोटं कशाला बोलू. मला वाटलं सुमनच्या घरी बसवू त्यांना, तिच्याकडे सोफा हाय, पडदे हायत, भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर हाय, मावशीचं घर म्हणजे काय परकं नाय. एवढी भाव करणारी बाई मी, आणि माझा माल दुसरीच्या दुकानात मांडला! पाहुणे आले, सुमनच्या संध्याने पाणी दिलं, मग माझ्या मंगलने चहा आणला. मुलाची आई विचारते, मुलीचे वडील काय करतात? आमचा माणूस म्हणाला, टेम्पो. ती म्हणाली, आणि ही पाणी दिलेली मुलगी कुणाची? सुमनचा नवरा म्हणाला, माझी, मी धाटावला ऑपरेटर. झालं. दोन दिवसांनी निरोप आला, तो संध्यासाठी.

मी तिच्या दारात गेले. म्हटलं, सुमे, तू नाय म्हणायचं होतंस. ती म्हणाली, ताई, त्यांनीच मागितलं, मी काय करू, ज्याचं त्याचं नशीब. म्हटलं, नशीब नाय गो, तुझा सोफा! आणि तुम्हाला सांगू का, त्या मुलाच्या आईने घटाघटा प्यायलेलं पाणी कुठलं होतं? मागच्या दारी माझंच पिंप हाय, फुकट दिलेलं, हिने वरून पांढरा रंग मारलाय, बहिणीचा धंदा दिसू नये म्हणून! तो रंग मला तेव्हाच दारातून आरपार दिसला. तशीच घरी आले.

मंगल मला म्हणते, आये, तू का रडतेस, मला नव्हतंच जायचं त्या पडद्यांच्या घरात. खरं बोलते का मला समजावते, देव जाणे.

आता तुम्ही विचारता वरच्या वर्गात, मधल्या की खालच्या. सुमनने मधला सांगितला असणार, तुमच्या तोंडावरूनच कळलं. मग मला तिच्यावर घाला. नाय जमत? बरं, बरोबरीने घाला, शेजारी, तिच्या खाली मी जाणार नाय. तुमचा कागद शिक्षण विचारतो, धंदा विचारतो, टीव्ही विचारतो, पण कोण कुणाच्या घरी काय मागायला जातो ते नाय विचारत.

कारण काल संध्याकाळी सुमन आली होती. उंबऱ्याबाहेर उभी. म्हणाली, बाय, संध्याच्या हळदीला सगळा गाव जेवणार, पाण्याला पिंपं लागतील. बाय म्हणाली, बघा, कोणी ऐकायला नव्हतं ना. मी नेहमीसारखी पाठ फिरवली, पण या वेळी पाय पुढे गेले नायत. म्हटलं, देईन, लागतील तेवढी, भाडं नको. एकच अट, रंग मारायचा नाय. निळीच्या निळी उभी राहतील तुझ्या मांडवात, पुढच्या दारी, आणि पेणची माणसं त्यातलंच पाणी पितील.

व्हय म्हणाली. कंपनीवालीचं हो नाय, मिठागरावरचं व्हय.

आज सकाळपासून मंगल आणि मी तीच धुतोय. संध्याचा काय दोष, पोर सुखात राहो, तिच्या घरी पाणी कमी न पडो. आता उठा, त्या पिंपात जरा नाक घालून बघा, वास येतो काय? तुमचं नाक नवीन हाय.