अर्धीच शिकवण

सन्माननीय अध्यक्षा, आपल्या अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्या निंगबाई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले पांग गुरुजी आणि जमलेल्या मंडळींनो,

मी लू, गणिताचा मास्तर. उभा राहिलोय गौरवपर बोलायला, पण गुरुजींनी बजावलंय, "कौतुक केलंस तर मी उठून जाईन. सूचिनचं सांग." सूचिन म्हणजे गुरुजींच्या दिवंगत पत्नी. तेव्हा सत्काराच्या दिवशी मरणाचं बोलतोय, निंगबाई, माझा इलाज नाही.

आपलं अख्खं मंगचंग गाव गुरुजींना ओळखतं ते ताओच्या शिकवणीमुळे. चांगलं जगणं म्हणजे काय? येईल ते येऊ द्यावं, जाईल त्याला धरून ठेवू नये. जन्ममरण ही ऋतूंची ये-जा. जुन्या आचार्यांचं हे म्हणणं ऐकावं तर गुरुजींच्याच तोंडून.

माझी बायको ह्वेइफांग गेली, तेव्हा शवपेटीशेजारी बसून गुरुजी मला हेच म्हणाले. वर म्हणाले, "हिवाळा आला म्हणून कुणी रडतं का?" मी डोळे पुसले. लोक म्हणाले, बघा, ज्ञान कसं कामी येतं! मी पुन्हा रडलो नाही. अन्न मात्र गोड लागेना.

दोन वर्षांनी सूचिनवहिनी गेल्या. गुरुजींचा हंबरडा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. विद्यार्थी भेटायला आले, तर गुरुजींनी लाजेने दार लावून घेतलं. मी मागच्या दाराने आत गेलो. खरं सांगू? त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवावं, असं मनात होतं. पण ते भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"लू," ते म्हणाले, "मी तुला रडू दिलं नाही रे. कुठल्या तोंडाने तुझ्याकडे बघू?"

मी म्हणालो, "रडलो असतो तर तुमचा शब्द खाली पडला असता, म्हणून थांबलो."

यावर ते जे कोसळले, ते मला आवरेनात. मीही स्वतःला आवरलं नाही.

विद्यालयात परतल्यावर पहिल्याच तासाला त्यांनी मुलांना सांगितलं, "आपले ताओचे आचार्यही स्वतःची बायको गेली तेव्हा आधी रडले होते, मग शांत झाले. मी तुम्हाला नुसतं शांत होणं शिकवलं, तेही माझं कुणी गेलेलं नसताना."

तेव्हापासून गावात कुणी गेलं की गुरुजी जातात. बोलत काही नाहीत. चूल पेटवतात, चहाचं पाणी ठेवतात. मी कितीदा म्हटलं, आता मनातून काढा. ऐकत नाहीत. आत्ताही बघा, मान खालीच आहे.

गुरुजी, वर बघा. ह्वेइफांगसाठी मी पोटभर रडलो, तो तुमच्याच घरी.

निंगबाई, बोलू दिलंत, आभारी आहे. प्रसंगाला न शोभणारं काही तोंडून गेलं असेल, तर सगळ्यांनी पोटात घालावं.